चार मशीन लावल्या तरी रेंडर रांगतंय

प्रश्न : एका बंगल्याचा एक मिनिटाचा वॉकथ्रू, म्हणजे आतून फिरवून दाखवणारं ॲनिमेशन करतोय, थ्रीडीएस मॅक्स (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर) आणि व्ही-रेमध्ये (त्यातून चित्र काढणारं, म्हणजे रेंडर करणारं प्लगइन). एका फ्रेमला दहा मिनिटं लागतात. ऑफिसातल्या चार कॉम्प्युटरवर डिस्ट्रिब्युटेड रेंडरिंग लावलं, पण चौपट सोडाच, दुप्पटही स्पीड मिळेना. वर काही ठिकाणी फरशीचं टेक्श्चर, म्हणजे तिच्यावर चिकटवलेलं चित्रच गायब. काय चुकतंय?

उत्तर : आधी हिशोब बघा. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे मिनिटाला १५००, दहा मिनिटांनी गुणलं की २५० तास, दहा दिवस झाले की हो! तुम्ही काय केलंत, तर एकच फ्रेम चौघांत तुकडे करून वाटली. एका मोठ्या स्टिल इमेजला ते झकास, पण ॲनिमेशनमध्ये दर फ्रेमला सीन सगळीकडे पाठवा, तयारी करा आणि शेवटचा बकेट, म्हणजे फ्रेमचा छोटा चौकोनी तुकडा, संपेपर्यंत बाकीचे तीन हात बांधून बसलेत, हे १५०० वेळा. त्यापेक्षा बॅकबर्नरसारखा, मशीनना कामं वाटणारा मॅनेजर लावा, तो प्रत्येक मशीनला अख्खी फ्रेम देतो, झाली की पुढची. चारही सारख्याच ताकदीच्या असतील तर साधारण ६३ तासांत काम उरकेल. एखादी स्लो असेल तर ती कमी फ्रेम काढेल, बाकीच्यांना अडवणार नाही.

टेक्श्चर गायब होतं कारण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, तुमच्या डी ड्राइव्हचा आहे आणि दुसऱ्याच्या डी ड्राइव्हवर ती फाइलच नाही, बिचारा कुठून आणणार? टेक्श्चरच्या सगळ्या इमेज फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये टाका आणि पाथ मशीनच्या नावापासून सुरू होणारा नेटवर्क पाथ द्या. मॅक्स, व्ही-रे, प्लगइन, सगळ्यांची व्हर्जन सगळीकडे एकच हवी. वायफाय नको, केबलच लावा.

आता खरी डोकेदुखी, जी तुम्हाला अजून भेटायची आहे. इररेडिअन्स मॅप (सीनमधल्या ठराविक ठिकाणी परावर्तित उजेड मोजून बाकीचा अंदाजाने भरायची व्ही-रेची पद्धत) वापरत असाल आणि प्रत्येक फ्रेमसाठी तो नव्याने काढला जात असेल तर उजेडाचा अंदाज दरवेळी जरासा वेगळा येतो, स्टिलमध्ये कळतही नाही पण प्ले केलं की छताचे कोपरे लुकलुकायला लागतात. फक्त कॅमेराच फिरतोय ना? मग एकाच मशीनवर दर दहाव्या फ्रेमचा मॅप इन्क्रिमेंटल मोडमध्ये, म्हणजे आधीच्या मॅपमध्येच भर घालत, काढत एकाच फाइलमध्ये सेव्ह करा आणि फायनलला चौघांनाही तीच फाइल वाचायला द्या. दारं उघडतायत, माणसं चालतायत असं असेल तर हे चालणार नाही, तिथे ब्रूट फोर्स, म्हणजे उजेडाचा हिशोब प्रत्येक ठिकाणी थेट, वेळ जास्त पण झंझट कमी.

आउटपुट थेट व्हिडिओ फाइलमध्ये अजिबात काढू नका, पीएनजी किंवा ईएक्सआर सिक्वेन्स काढा, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी इमेज फाइल, एखादी फ्रेम बिघडली तर तेवढीच परत टाकता येते. आणि रात्री सोडून जाताना चारही मशीनचे स्लीप मोड आणि ऑटो अपडेट बघून जा, नाहीतर सकाळी येऊन बघाल तर तीन मशीन झोपलेल्या आणि चौथी रीस्टार्ट होऊन लॉगिन स्क्रीनवर.