विषय सुचत नाही म्हणून थांबायचं का?

एमएस्सीला आलेली बरीच मुलं माझ्याकडे हीच काळजी घेऊन येतात: 'संशोधन करायचंय, पण विषयच सुचत नाही. सरांकडे कुठल्या तोंडाने जाऊ?' कोल्हापूरकडची पर्यावरणशास्त्राची एक विद्यार्थिनी आली तीही याच काळजीने. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) टक्के बेताचे, घरात एवढं शिकणारी ती पहिलीच. 'आधी विषय पक्का करते, मग सरांना भेटते,' असं म्हणता म्हणता पहिलं सेमिस्टर सरलं होतं.

विषयाचं बोलणं मी बाजूलाच ठेवलं. प्रॅक्टिकलमध्ये काय करायला आवडतं, एवढंच विचारलं.

'डीओ काढायला, मॅडम.'

म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला. विंकलर पद्धतीत नमुना नदीवरच फिक्स करावा लागतो, म्हणजे रसायनं घालून त्यातला ऑक्सिजन बांधून ठेवावा लागतो, बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला की आकडा चुकतो, हे सांगताना तिचा दबलेला आवाज मोकळा झाला. मग म्हणाली, 'उन्हाळ्यात आमच्याकडे पंचगंगेत कधी कधी सकाळी मासे मेलेले दिसतात. आम्ही नमुने मात्र दुपारी घेतो.'

रात्री पाणवनस्पती आणि शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाहीत, पण श्वसन सगळ्यांचं चालूच राहतं. त्यामुळे ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि दुपारच्या आकड्यात ते दिसत नाही. हे तिला पाठ होतं. पण एवढ्या साध्या शंकेवर कुणी काम करतं, हे तिला खरं वाटेना.

माझं ठाम मत आहे की पहिल्या वर्षी स्वतंत्र विषय शोधत बसू नये, कुणाच्या तरी चालू कामात शिरावं. तिच्या विभागात नदीवर पीएचडी करणारी एक ताई होती. सरांचा एक शोधनिबंध वाचायचा आणि दोन ओळींत विचारायचं, असं ठरलं: 'ताईंबरोबर नमुने घ्यायला येऊ का? बाटल्या धुण्यापासून सगळं करीन.' महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नद्यांच्या पाण्याचे आकडे सर्वांना खुले आहेत. तेही एक्सेलमध्ये मांडून बघ म्हटलं. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, तिचे नियमही बघून ठेव म्हटलं.

सर लगेच 'ये' म्हणाले. अडचण निघाली ती घरी: पहाटे पाचला पोरीचं नदीवर काय काम? त्यावर तिनेच तोड काढली. ताईला घरी जेवायला बोलावलं, आईशी ओळख करून दिली. आता ताई आदल्या रात्री मुक्कामाला येते आणि वडील दोघींना गाडीवरून घाटापर्यंत सोडतात.