प्यादं की पट? टेबलावरच्या मालवाहू जहाजांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २८ मिमीच्या फिगर (टेबलावरच्या खेळातली छोटी माणसं) आहेत. मालवाहू जहाजाच्या डेकवर चकमक खेळायची म्हणून १/३५० स्केलचं (खऱ्याच्या ३५० पट लहान) लिबर्टी जहाजाचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी मालवाहू जहाजाचं, किट मागवलं, तर फिगर उभी करायलाच जागा नाही. काय घ्यायला हवं होतं? (पुणे)

उत्तर : पैसे मोजण्याआधी एक ठरवायचं असतं : जहाज खेळातलं प्यादं आहे की पट? ताफ्याच्या खेळात ते प्यादं, बोटांनी सरकवायचं. तुमच्या खेळात तोच पट आहे. बाजारातली किटं मात्र बहुतेक सगळी प्याद्यांची. २८ मिमीची फिगर साधारण १/५६ ला जुळते. लिबर्टी जहाज खरं १३४.६ मीटरचं, म्हणजे १/५६ ला २ मीटर ४० सेंमी. ते घरातल्या दिवाणावरसुद्धा मावायचं नाही.

तेव्हा लिबर्टीचा हट्ट सोडा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणारं छोटं कोस्टर स्वतः बनवा. ४० मीटरचं कोस्टर या स्केलला ७१ सेंमी भरतं. रुंदी १८ सेंमी ठेवा. प्रमाणापेक्षा थोडी जास्त आहे, पण फिगरखालच्या २५ मिमीच्या बैठकीला, म्हणजे बेसला, वाट हवी. जहाज पाण्याच्या रेषेपाशीच संपवा, तळ करूच नका. डेकला आणि आतल्या आडव्या पडद्यांना ५ मिमी सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड), बाजूंना ३ मिमी. पडदे दर १० सेंमीवर, उंची ४ सेंमी. नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) वळणावर सनबोर्ड चिरतो. तिथे १ मिमी प्लास्टिक शीट वाकवून लावा आणि सांधा एम-सीलने भरून घासा.

सनबोर्ड घेताना कडेचा काप बघा. आरपार एकसारखा पांढरा असेल तर तो पीव्हीसी. फेविक्विक आणि स्प्रे दोन्ही चालतात. कागदाच्या दोन थरांमध्ये फोम दिसला तर तो फोमबोर्ड. त्याच्या उघड्या कडांवर स्प्रेचा फवारा बसला की फोम विरघळून खड्डे पडतात. तो घ्यावाच लागला तर फेविकॉलने जोडा आणि कडांवर फेविकॉलचे दोन हात देऊन मगच रंगवा.

मधलं हॅच (माल चढवण्या-उतरवण्याचं डेकवरचं तोंड) २५ × ११ सेंमी, काठ २ सेंमी उंच. बाजूंची ३ मिमी जाडी वजा जाता दोन्हीकडे ३.२ सेंमीची वाट उरते आणि काठामागे फिगरला दडताही येतं. दाराची उंची ४ सेंमी : दोन मीटरचं दार ३.६ सेंमी होतं, त्यात बेसची जाडी धरायची. ती विसरली की फिगरचं डोकं चौकटीला लागतं. केबिनचं छप्पर उचलता येईल असं ठेवा. कठडा २ सेंमी, पण सलग नको. फिगर उचलायला हात शिरला पाहिजे. खऱ्या जहाजाचा डेक मधे थोडा फुगीर असतो, तुमचा सपाटच असू द्या, नाहीतर फिगर कलंडतील.

हॅचवर चार कंटेनर बसतात. २० फुटी कंटेनर १/५६ ला १०.८ × ४.४ × ४.६ सेंमी. मॉडेल रेल्वेचे एचओ कंटेनर सहज मिळतात म्हणून लोक तेच घेतात आणि फसतात. ते १/८७ चे, उंची जेमतेम ३ सेंमी; फिगर कंटेनरपेक्षा उंच दिसते. १/५० किंवा १/४८ चे घ्या, ते किंचित मोठे असले तरी डोळ्याला खटकत नाहीत.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिक ताफ्याचा खेळ मांडायचा आहे. १/७००, १/१२०० की १/१२५०? (नागपूर)

उत्तर : १/७०० विसरा, लिबर्टी १९.२ सेंमी होतं. १/१२०० ला ते ११.२ आणि १/१२५० ला १०.८ सेंमी, चार मिमीचा फरक टेबलावर कळत नाही, खुशाल मिसळा. १/१२५० हे जर्मन संग्राहकांचं स्केल. तयार रंगवलेली धातूची जहाजं सुंदर असतात, पण ताफ्यासाठी परवडत नाहीत.

खरी अडचण अंतराची आहे. ताफ्यातल्या रांगांमध्ये साधारण हजार यार्ड अंतर असे. १/१२०० ला ते ७६ सेंमी, म्हणजे सहा फुटी टेबलावर तीन रांगा कशाबशा. जहाजाचं स्केल एक आणि अंतराचं वेगळं ठेवावंच लागतं. ते पटत नसेल तर १/६००० कडे वळा : रांगा १५ सेंमीवर, जहाज २ सेंमीचं. रंगवायला मात्र त्यात काही उरत नाही.

बेसवर पाणी करताना नाळेपाशी फेसाचा डोंगर उभारू नका. लिबर्टीचा वेग ११ नॉट. त्या वेगाला जहाजाच्या लाटेची लांबी सुमारे २० मीटर येते, १/१२०० ला १७ मिमी. म्हणजे कडेने सहा-सात बुटक्या लाटा, आणि पांढरा रंग फक्त नाळेला व मागच्या पट्ट्यात. विनाशिकेसारखा फेस मालवाहू जहाजाला शोभत नाही.

प्रश्न : १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटातलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज लिबर्टीच्या किटमधून करता येईल का? (मुंबई)

उत्तर : येईल, आणि यापेक्षा चांगलं रूपांतर सुचवता येणार नाही. लिबर्टी आणि कॅनडातली फोर्ट जहाजं एकाच ब्रिटिश आराखड्यातून निघाली. लांबी-रुंदी जवळजवळ तीच. ट्रम्पेटरचं १/७०० मधलं ‘जेरेमाया ओ'ब्रायन’ घ्या. मोठा फरक मधल्या इमल्याचा. लिबर्टीत सगळं एका ठोकळ्यात : तीन हॅच पुढे, दोन मागे. फोर्टमध्ये ब्रिजचा इमला वेगळा, आणि त्याच्या व धुराड्याच्या इमल्याच्या मधे तिसरं हॅच.

किटमधला इमला आडवा कापून ब्रिजचा भाग पुढे न्यायचा, तिसरं हॅच मागे घ्यायचं आणि उघडी पडलेली तोंडं ०.५ मिमी शीटने बंद करायची. डेकवर साचातच उठवलेले हॅचचे काठ आधी छिन्नी-ब्लेडने साफ करा. ते राहिले तर इमला डुगडुगतो. मास्ट (डोलकाठ्या) आणि बूम (माल उचलायचे दांडे) कुठे येतात ते फोटो समोर ठेवून ठरवा. फोर्ट जहाजं रिव्हेटची, लिबर्टी वेल्डिंगची, हे खरं; पण २ सेंमीचा रिव्हेट १/७०० ला ०.०३ मिमी होतो. त्याच्या मागे लागू नका.

हे जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये धक्क्याला लागलेलं होतं, तेव्हा पाणी सपाट आणि लाट अजिबात नाही. खेळासाठी वेळही आयती मिळते : १४ एप्रिल १९४४ ला दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दहा मिनिटांची एक पाळी धरली तर बारा पाळ्या. आग क्रमांक दोनच्या होल्डमध्ये (हॅचखालच्या मालाच्या कोठारात) लागली, कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात होती. धूर दाखवायचा कापूस दुसऱ्या हॅचवरच लावा.

प्रश्न : रेझिन थ्रीडी प्रिंटरवर छापलेली जहाजं केळ्यासारखी वाकतात. शिवाय खेळण्यातल्या बोटीवर दिलेला रंग पापुद्र्यासारखा निघतो. (कोल्हापूर)

उत्तर : जहाज प्लेटवर आडवं न छापता ३० ते ४५ अंश तिरपं छापा आणि नंतर कडक करताना यूव्ही दिव्याखाली दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्या. एकच बाजू जास्त कडक झाली की ती आकसते, त्यातून बाक येतो. वाकलेलं जहाज ६०-७० अंशाच्या पाण्यात मिनिटभर बुडवा, काचेवर दाबून धरा आणि तसंच गार होऊ द्या. पोकळ छापत असाल तर तळाला २-३ मिमीची दोन भोकं हवीत. आत कच्चं रेझिन अडकलं तर महिन्या-दोन महिन्यांनी जहाज तडकतं. हातमोजे घालूनच काम करा.

खेळण्यातल्या बोटीला आधी नख लावून बघा. मेणासारखं मऊ लागलं तर ते पॉलिथिन. त्यावर घासकागद आणि प्लास्टिक प्रायमर वापरूनही रंग फार टिकत नाही, कारण प्लास्टिक दबतं आणि रंग दबत नाही. कडक प्लास्टिकची बोट असेल तर साबणाने धुवा, ४०० नंबरच्या कागदाने घासा आणि प्रायमर मारा.