झटका ओसरला, पण हातपाय उचलत नाहीत

प्रश्न : दम्याच्या तीव्र झटक्यामुळे माझ्या धाकट्या भावाला आठवडाभर व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. श्वास आता सुधारला आहे, परंतु त्याला पाण्याचा पेलाही उचलता येत नाही. हा अर्धांगवायू आहे का? स्टिरॉइडमुळे हे झाले असेल, तर त्याचा इनहेलर बंद करावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : इनहेलर बंद करू नका. त्यातील स्टिरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते, तर अतिदक्षता विभागात शिरेतून दिली जाणारी मात्रा तिच्या कित्येक पटींनी अधिक असते. शिवाय इनहेलर सोडल्यास पुन्हा तसाच झटका येऊ शकतो.

रुग्णाला न तपासता निदान करणे योग्य नाही, तरी तुमचे वर्णन तीव्र दम्यात व्हेंटिलेटरवर राहिलेल्या रुग्णांमध्ये आढळणाऱ्या स्नायुविकाराशी जुळते. अर्धांगवायूत बहुधा एकच बाजू लुळी पडते. या विकारात दोन्ही बाजूंचे हातपाय अशक्त होतात, स्पर्श मात्र नीट कळतो. श्वासनलिका आकसलेल्या असताना रुग्ण यंत्राशी झगडू लागला, की त्याला गाढ गुंगीची आणि प्रसंगी व्हेक्युरोनियमसारखी स्नायू शिथिल करणारी औषधे द्यावी लागतात. अशा निश्चल स्नायूंवर मोठ्या मात्रेतील स्टिरॉइडचा परिणाम झाला, की आकुंचनासाठी आवश्यक असलेले मायोसिन हे प्रथिन घटू लागते. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या दम्याच्या सर्वच रुग्णांना स्टिरॉइड मिळाले होते. पण शिथिल करणारे औषध दिलेल्या ६९ प्रसंगांपैकी २० मध्ये अशक्तपणा आला आणि ते न दिलेल्या ३८ पैकी एकातही आला नाही. पुढे केवळ दीर्घकाळच्या गाढ गुंगीनंतरही तो आढळला. यावरून डॉक्टरांना दोष देणे मात्र रास्त नाही, कारण त्या घटकेला प्राण वाचवणे हेच पहिले काम असते.

रक्तातील क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाल्यास वाढणारे द्रव्य) आणि पोटॅशियम तपासले आहे का, हे विचारा. सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या वारंवार वापराने पोटॅशियम उतरते आणि त्यानेही अशक्तपणा येतो. शंका राहिल्यास ईएमजी, म्हणजे स्नायूंतील विद्युत हालचाल मोजणारी तपासणी, करतात. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. खांदे आणि मांड्यांचे स्नायू बरेच क्षीण झालेले असू शकतात, त्यामुळे केस विंचरणे आणि आधाराशिवाय खुर्चीतून उठणे त्याला काही काळ अवघड जाईल. फिजिओथेरपी अंथरुणातच सुरू करावी, आहारात पुरेशी प्रथिने असावीत आणि स्टिरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणेच हळूहळू कमी कराव्यात. गिळताना ठसका लागत असेल किंवा खोकण्याचा जोर कमी वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.