पक्ष्यांची ‘खानेसुमारी’ म्हणावं का?

प्रश्न आलाय की ‘ख्रिसमस बर्ड काउंट’ला, म्हणजे नाताळाच्या सुमारास हौशी लोक पक्षी मोजतात त्या उपक्रमाला, मराठीत पक्ष्यांची खानेसुमारी म्हटलं तर चालेल का. माझ्या मते नको. हा शब्द फारसीतून आलाय, खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजदाद, त्यामुळे घरोघर जाऊन एकूण एक डोकं मोजलं असा अर्थ त्यात आपसूक येतो, आणि पक्षी काय घरी बसून वाट बघतायत होय!

गंमत म्हणजे हा घोळ मूळ इंग्रजी नावातच होता. फ्रँक चॅपमन हा न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधला पक्षीतज्ज्ञ, ‘बर्ड-लोर’ नावाचं द्वैमासिक काढायचा, त्याने १९०० च्या डिसेंबरात पक्षी मारण्याऐवजी मोजायची ही कल्पना मांडली ती ‘ख्रिसमस बर्ड-सेन्सस’ म्हणूनच (सेन्सस म्हणजे खानेसुमारीच की), ‘काउंट’ पुढे झालं. तेव्हा अमेरिकेत नाताळात ‘साइड हंट’ चालायची, दोन टोळ्या करायच्या, बंदुका घेऊन सुटायचं, पिसांचं केसांचं जे दिसेल ते पाडायचं आणि संध्याकाळी ज्याचा ढीग मोठा तो जिंकला. म्हणजे मोजणी आधीपासून होतीच, फक्त मेलेल्यांची! चॅपमनने पण ‘हंट’ शब्द मुद्दाम अवतरणात ठेवला, म्हणे तुमच्या ‘शिकारी’चा रिपोर्ट त्याच रात्री झोपायच्या आत पाठवा.

पहिल्या वर्षी २७ जण, २५ ठिकाणं, टोरांटोपासून कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत, पण बरीचशी ईशान्य अमेरिकेतलीच. जाती ९० च्या आसपास आणि पक्षी साधारण १८,५००. रिपोर्टच्या डोक्यावर काय लिहायचं ते मात्र पक्कं ठरलेलं: आभाळ कसं होतं, जमिनीवर बर्फ आहे का, वारा कुठून आणि किती जोराचा, निघताना तापमान किती, किती वाजता निघालात नि किती वाजता परत आलात. मला हेच सगळ्यात भारी वाटतं, कारण दोन तास फिरून ४० पक्षी आणि दिवसभर फिरून ४० पक्षी ह्यात जमीनअस्मानाचा फरक, नुसत्या आकड्याला तसा अर्थ नाही.

तर शब्द कुठला? ‘शिरगणती’ला खानेसुमारीचाच दोष, ‘पक्षीमोजणी’ ऐकलं की जमिनीची मोजणीच डोळ्यासमोर येते. ‘पक्षीगणना’ रूढ आहे, जानेवारीत पाणपक्षी गणना होते तेव्हा आपले पक्षीमित्र तोच शब्द वापरतात, तोच ठेवा. फक्त बातमीत ‘तलावावर अमुक इतके पक्षी आहेत’ असं न लिहिता ‘दिसले’ लिहा.