म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काय घ्यावं, कसं पारखावं?

मे महिन्यात गोव्यात येताय आणि एक शुक्रवार म्हापशाच्या बाजाराला द्यायचाय, तर वेळ अगदी योग्य आहे. हे पुरुमेताचे दिवस, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे. सुकी मासळी, मीठ, आमसुलं, मिरच्या सगळं एकदम बाजारात असतं.

आठच्या आत पोचा. गावातून स्वतःची भाजी, केळी घेऊन आलेल्या बायका बहुतेक कडेला, जमिनीवर वाटे मांडून बसतात. त्यांचा माल आधी संपतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा. मयडे गावची केळी दिसली तर जरूर घ्या. प्रवास असेल तर थोडी कच्ची निवडा.

आमसुलं (इथे सोलां म्हणतात) बोटांत दाबून पाहा. काळपट लाल, मऊ, किंचित चिकट हवीत. कडक झालेली जुनी असतात. वर मिठाचा जाड थर असेल तर तुम्ही मिठाचंच वजन विकत घेताय. घरी काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवा. आंबट पदार्थ धातूला खातो.

मिरचीत फसगत सर्वांत जास्त. हरमल आणि खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्या नावाने दुसरीच मिरची खपवली जाऊ शकते. नुसत्या नावावर भाव देऊ नका. एक मिरची मोडून आत बुरशी आहे का बघा. देठ शाबूत आणि हलवल्यावर बी खुळखुळणारी हवी. वातड मिरचीत ओल असते, ती पावसाळ्यात हमखास काळी पडते.

सुकी सुंगटं (कोळंबी) टोपलीच्या तळातून मागा. वर कोरडी आणि खाली दमट असं होतं. घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन द्या, मगच डब्यात भरा. चोरीसची (गोव्याच्या सॉसेजची) माळ बुळबुळीत लागली तर सोडून द्या. आणि ते कच्चं डुकराचं मांस आहे, नीट शिजवूनच खायचं.

मातीची भांडी सगळ्यात शेवटी, कारण ओझं होतं. बोटाने टिचकी मारा: खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. नवं भांडं दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा आणि पहिल्यांदा मंद आचेवर त्यात भाताची पेज शिजवा. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका, तिथेच ते फुटतं.

सुटे पैसे आणि दोन कापडी पिशव्या बरोबर ठेवा, मासळीसाठी वेगळी.