एक्सेल प्रश्नोत्तरे: अधिक-उणे रकमांच्या जोड्या

प्रश्न: भोसरीतल्या एका कारखान्याचे हिशेब मी पाहते. व्हेंडरच्या लेजरमध्ये बी कॉलमला बिले अधिक आणि डेबिट नोटा (बिलातून वजा करायच्या रकमा) उणे आहेत. एकमेकींना शून्य करणाऱ्या नोंदी वेगळ्या काढायच्या आहेत. एबीएस (चिन्ह काढून टाकणारे फंक्शन) लावून डुप्लिकेट रंगवले तर चालेल का?

नाही. चिन्ह गेले की 11,800 ची दोन बिलेसुद्धा जोडी म्हणून रंगतात, आणि ती दोन्ही तर द्यायची आहेत! नुसत्या काउंटइफने उलट रक्कम शोधली तरी पेच उरतोच. 11,800 तीनदा आणि उणे 11,800 एकदाच असेल, तर चारही ओळी जुळल्यासारख्या दिसतात. म्हणून सी2 मध्ये हे सूत्र इंग्रजी अक्षरांत (इफ म्हणजे IF, काउंटइफ म्हणजे COUNTIF, बी म्हणजे B) लिहून खाली ओढा:

=इफ(काउंटइफ(बी$2:बी2,बी2)<=काउंटइफ(बी$2:बी$900,-बी2),"जुळले","बाकी")

पहिला काउंटइफ ही रक्कम वरून कितव्यांदा आली ते मोजतो, दुसरा तिच्या उलट रकमा एकूण किती ते. आता पहिले बिल आणि डेबिट नोट जुळते, उरलेली दोन बिले बाकी राहतात. डॉलरच्या खुणा विसरू नका. शेवटी ‘जुळले’ रकमांची समइफने बेरीज घ्या. ती शून्यच यायला हवी.

तरीही रक्कम जुळली म्हणजे व्यवहार जुळला असे नाही. ती डेबिट नोट तिसऱ्या बिलातल्या रिजेक्शनची असू शकते. लेजरमध्ये बिल नंबरचा कॉलम असेल तर काउंटइफ्स वापरून तोही अटीत घ्याच.

प्रश्न: मी कोथरूडच्या सोसायटीचा खजिनदार. मेंटेनन्सचे 2,500 जमा आणि चेक बाउन्स झाल्याचे उणे 2,500 समोर दिसतात, पण वरचे सूत्र ‘बाकी’च म्हणते.

उणे चिन्ह आकड्यानंतर आहे का बघा: 2,500- असे. एक्सेल त्याला मजकूर समजते; तो सेलमध्ये डावीकडे चिकटलेला दिसेल. कॉलम निवडून डेटामधल्या टेक्स्ट टू कॉलम्समध्ये जा. तिसऱ्या पायरीवर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ट्रेलिंग मायनसची खूण असू द्या आणि फिनिश करा. तुमच्याकडे सगळेच सभासद 2,500 भरत असतील, तर फ्लॅट नंबर अटीत घेतल्याशिवाय निकालावर विसंबू नका. नाहीतर एकाचा बाउन्स चेक दुसऱ्याच्या नावावर जाईल.

प्रश्न: सदाशिव पेठेत आर्टिकलशिप (सीएचे प्रशिक्षण) करतो. जीएसटीच्या काही रकमा हुबेहूब सारख्या, तरी जुळत नाहीत.

333.33 चे 18 टक्के 59.9994 होतात, सेलमध्ये दिसतात 60.00, म्हणून खऱ्या 60 शी जुळत नाहीत. वेगळ्या कॉलमात राउंड लावून रक्कम दोन दशांशांवर आणा आणि सूत्र त्या कॉलमवर चालवा.