पोराच्या एमपीएससीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

पत्र थोडक्यात असं. कराडजवळचे एक वाचक, वय ५३, एमआयडीसीतल्या कंपनीत सुपरवायझर, हातात महिना ४२ हजार. मुलगा २२ वर्षांचा, यंदा बीएस्सी केमिस्ट्री झाला. कॅम्पसमधून एका कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये १८ हजारांची ऑफर होती ती सोडली, आता पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करायचीय. ते लिहितात: "जुनी जागा विकून ९ लाख आले. त्यातले ३ लाख बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून मुलाच्या नावाने गॅरंटीड प्लॅनमध्ये टाकलेत, ते सेफ आहेत. उरलेले ६ लाख एसडब्ल्यूपीत (म्युच्युअल फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढायची सोय) टाकून महिना १२ हजार मिळतील असा फंड सुचवा, मुद्दल तसंच राहिलं पाहिजे. पॉलिसीचे फोटो माहितीसाठी जोडलेत."

दादा, बरं झालं फोटो जोडलेत. फंडाचं उत्तर खाली आहे आणि ते दोन ओळींचं आहे. हे उत्तर मी पत्र आलं त्याच रात्री तुम्हाला मेल केलंय कारण पॉलिसी परत करायला तुमच्याकडे आठ दिवस उरलेत आणि तुम्हाला ते माहीतच नाही.

तिसरा फोटो उघडा, ज्यावर तुमच्या अंगठ्याची सावली पडलीय. त्या सावलीच्या बरोबर खाली लिहिलंय, प्रीमियम भरण्याचा कालावधी १० वर्षं. साहेबांनी तुम्हाला "एकदाच टाका आणि विसरा" असं सांगितलं असणार, सगळ्यांना हेच सांगतात, पण कागद म्हणतो दरवर्षी ३ लाख, दहा वर्षं. म्हणजे ३० लाख. तुमच्या हातात वर्षाला येतात ५ लाख, त्यातले ३ लाख या प्लॅनला गेले तर राहिलेल्या दोन लाखांत घर, पोराचा पुण्याचा खर्च आणि दिवाळी कशी बसवणार? आणि हप्ता भरायचा की नाही हे ठरवायला कुणी विचारायला येणार नाही, शेवटच्या पानावर ऑटो डेबिटची सही आहे तुमची, पुढच्या मे महिन्यात खात्यातून आपोआप उचलतील, आणि त्याच खात्यात तुमचे ६ लाख पडलेत.

अजून एक. प्रपोजल फॉर्ममध्ये तुमचं वार्षिक उत्पन्न ११ लाख लिहिलंय, व्यवसाय "शेती व इतर". हे तुम्ही सांगितलंत का? मला वाटत नाही. पाच लाखवाल्याला वर्षाला तीन लाखांचा हप्ता विकला तर वर कुणीतरी विचारेल, म्हणून अकरा लिहिलं. कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल आला तेव्हा "हो हो म्हणत जा" असंही सांगितलं असेल. मी या धंद्यात आहे तेवढी वर्षं हेच बघतोय आणि अजूनही डोकं फिरतं.

बरं, समजा तुम्ही दहाही हप्ते भरले. पॉलिसीच्या तक्त्यात विसाव्या वर्षी ६२ लाख दिसतात, "पैसे डबल" म्हणून साहेबांनी तोच आकडा पेनाने गोल केलाय. पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून दुप्पट होतात, म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्के. पोस्टातलं पीपीएफ ७.१ देतंय. ते ६२ लाख मिळतील त्यावेळी तुम्ही ७३ वर्षांचे असाल. आणि विमा कुणाचा उतरवलाय? पोराचा, जो आज एक रुपया कमवत नाही. घरात कमावता माणूस एकच, तो म्हणजे तुम्ही, आणि तुमच्या नावावर एक रुपयाचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत माणूस गेला तरच घराला पैसे देणारा विमा) नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर ही पॉलिसी घराला पैसे देणार नाही, उलट पुढचा हप्ता मागेल.

आता करायचं काय. विम्याच्या नियमात फ्री लूक नावाची सोय आहे, पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, कारण पटवून द्यावं लागत नाही. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, मेडिकल झालं असेल तर ते आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी सगळे पैसे परत. पण पोस्टाने पाकीट ४ जूनला आलं म्हणून तिथून मोजू नका, तुम्हीच लिहिलंय की पीडीएफ पोराच्या मेलवर २९ मेला आली होती, तीच तारीख धरा. म्हणजे २८ जूनच्या आत काम झालं पाहिजे, आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

बँकेत जाऊ नका. बँक फक्त विकणारी आहे. विमा कंपनीच्या शाखेत जा, साध्या कागदावर "फ्री लूकमध्ये पॉलिसी रद्द करावी" असा अर्ज, मूळ पॉलिसी, कॅन्सल चेक, आणि अर्जाच्या झेरॉक्सवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. तोच अर्ज कंपनीच्या मेलवरही पाठवा. त्यानंतर बँकेत जाऊन ऑटो डेबिट बंद करा. मध्येच साहेबांचा फोन येईल, "एक वर्ष चालू द्या मग बंद करू", "आत्ता केलं तर लॉस होईल", असं काहीतरी. लॉस त्यांच्या टार्गेटचा आहे. ३० दिवस गेले की मग सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडण्याचा, तक्ता लागू होतो, आणि त्यात पहिल्या वर्षांत हातात येणारी रक्कम बघून रडू येईल. कंपनीने टाळाटाळ केली तर आधी त्यांच्याच तक्रार विभागाला लिहा, मग आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, बीमा भरोसा पोर्टल आहे, त्यानंतर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे आणि फी नाही.

हं, आता तुमचा प्रश्न. ६ लाखांतून महिना १२ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार, म्हणजे २४ टक्के. मुद्दल शाबूत ठेवून २४ टक्के देणारा फंड नाही, आहे असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे परत जाऊ नका. एसडब्ल्यूपी म्हणजे व्याज नाही, आपलेच युनिट विकून आपल्यालाच पैसे. सात टक्के परतावा धरला तरी पाच वर्षांत ६ लाख शून्य होतात, आणि शेअरच्या फंडात टाकून पहिल्याच वर्षी बाजार पडला तर त्याआधीच. पोस्टाच्या एमआयएसमध्ये, म्हणजे मासिक उत्पन्न योजनेत, ७.४ टक्क्यांनी ६ लाखांवर महिन्याला ३,७०० मिळतात. खरा आकडा हा आहे.

म्हणून पुण्याचा खर्च व्याजातून निघणार नाही, तो मुद्दलातूनच जाणार, हे एकदा मान्य करा म्हणजे पुढचं सोपं होतं. तुम्ही लिहिलंय कॉट ४,५००, मेस ३,५००, अभ्यासिका १,५००, बाकी २,५००. ठीक आहे, सदाशिव-नवी पेठेच्या मानाने काटकसरीचंच आहे. दोन वर्षांचे २ लाख ८८ हजार, क्लासचे ८० हजार, झाले पावणेचार लाख. त्यात सोडलेला पगार धरा, १८ हजार गुणिले २४, सव्वाचार लाख. म्हणजे दोन वर्षांची खरी किंमत ८ लाख. हा आकडा पोराला घाबरवायला नका सांगू, पण सांगा. बावीसचा आहे, कळतं त्याला.

स्पर्धा परीक्षा करू नको असं मी म्हणत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांची पोरं पदवीनंतर तेच करतात. पण खुल्या गटाला वयाची अट ३८ आहे आणि मला विचाराल तर खरी अडचण तिथेच आहे, कारण "आता बस" असं सांगणारं कुणी नाही, अजून एक अटेम्प्ट, अजून एक, आणि बाप इकडे ओव्हरटाइम करतोय. त्यात जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंत किती काळ जाईल याचा भरवसा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पोरं पुण्यात रस्त्यावर बसली आणि तोंडावर आलेली पूर्वपरीक्षा पुढे गेली. शिवाय २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, १७५० गुण लेखी आणि २७५ मुलाखत, त्यामुळे गावातल्या सीनियरच्या जुन्या नोट्स आणि त्यांचा "दीड वर्षात होतं" हा हिशोब दोन्ही जरा बाजूला ठेवा. क्लासची पूर्ण फी एकदम भरू नका, हप्त्याने भरा. गट-बची परीक्षा बरीचशी याच अभ्यासावर देता येते, बँकेच्या परीक्षांना थोडी वेगळी तयारी लागते, पण ते फॉर्म त्याने पहिल्या वर्षापासूनच भरावेत. आणि लॅबची ऑफर अजून जिवंत असेल तर एक वर्ष नोकरी करून स्वतःचे लाखभर घेऊन पुण्याला जाणं मला जास्त आवडेल, पण ते त्याने ठरवायचं.

पॉलिसीचे पैसे परत आले की ९ लाख असे मांडा. पावणेचार लाख पुण्याचे, वर्षावर्षाच्या एफडीत, दर एक तारखेला १२ हजार त्याच्या खात्यात. त्याहून जास्त मागितले तर नाही म्हणायचं, त्याच्या आईमार्फत मागितले तरी. दोन लाख घराच्या अडीअडचणीला. उरलेले सव्वातीन लाख तुमच्या म्हातारपणाचे, त्याला हात नाही. कारण तुमचा पीएफ १४ लाख, रिटायर होईपर्यंत वीस धरू, त्याचं व्याज साडेअकरा हजार, ईपीएस (पीएफबरोबरची) पेन्शन पाच-सहा हजारांच्या वर जाणं अवघड. झाले सतरा हजार, आणि आज घरखर्च २८ हजार आहे. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा आणि वहिनींचा आरोग्य विमा याच वर्षी घ्या, आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आज घेतला तर ५८ च्या आत मोकळे. टर्म इन्शुरन्स साठ वर्षांपर्यंतचा, साधा, पैसे परत न देणारा.

आणि जागा विकली त्याच्या भांडवली नफ्याचं काय केलंत? पत्रात काहीच नाही. सीएला दाखवा.

ता.क. हे छापायला देताना त्यांचा मेसेज आला. अर्ज दिला, शिक्क्याची पोच मिळाली. ऑटो डेबिट बंद करायला बँकेत गेले तर साहेबांनी बसवून चहा पाजला आणि चहा संपायच्या आत दुसऱ्या प्लॅनचं पत्रक पुढे ठेवलं. चहा प्यायलो, पत्रक तिथेच ठेवलं म्हणाले.